मार्क मूलँ: जॅझ, टेलेक्स आणि पुन्हा जॅझ, हा एकच माणूस का?

केतकी_गेंट

नमस्कार मंडळी. बेल्जियमच्या संगीताबद्दल इथे कुणी लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून नवा धागा काढते आहे.

ब्रुसेल्सच्या मारोल भागातल्या जुन्या बाजारात मला एक एलपी मिळाली. मार्क मूलँ, 'साम सुफी', १९७५. कव्हर आवडलं म्हणून घेतली, घरी आल्यावर लावली आणि तेव्हापासून दुसरं काही ऐकलेलं नाही. संथ ठेका, इलेक्ट्रिक पियानो, मधूनमधून सिंथ (म्हणजे सिंथेसायझर). दुसरी बाजू तर एका सलग रचनेसारखी आहे, तुकडे पडलेत पण धागा तुटत नाही.

विकणाऱ्या आजोबांनी सांगितलं की हाच गृहस्थ पुढे टेलेक्स या बँडमध्ये होता. टेलेक्स म्हणजे मला फक्त युरोव्हिजनचा (युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा) तो जुना व्हिडिओ माहीत: तीन गंभीर चेहऱ्यांची माणसं, यंत्रांचा आवाज, शेवटी गायक खिशातून कॅमेरा काढून प्रेक्षकांचाच फोटो काढतो. मला ते दोन आवाज एका माणसाचे वाटतच नाहीत.

तर विचारायचं असं की हा प्रवास झाला कसा? आणि पुढे काय ऐकू? माझा कान हिंदुस्तानी संगीतावर पोसलेला आहे. जॅझची ओळख जेमतेम, सिंथपॉपची त्याहून कमी.

काळी_पाच

केतकीताई, हो, एकच माणूस. आणि हा धागा निघाला याचा मला फार आनंद झाला, कारण या माणसाबद्दल मराठीत बोलायला मला कधी कुणी भेटलंच नाही.

मी ठाण्यात कीबोर्ड वाजवतो. भावगीतांचे कार्यक्रम, लग्नातले ऑर्केस्ट्रा, रेकॉर्डिंग, येईल ते काम. आमच्या धंद्यात जागा रिकामी दिसली की भरायची असते. गायकाने श्वास घेतला की कीबोर्डवाल्याने तिथे काहीतरी टाकलंच पाहिजे, नाहीतर संयोजक विचारतो, झोप लागली का. मूलँ नेमकं उलटं करतो. तो थांबतो. हात आवरतो. १९७१ पासून २००७ पर्यंत त्याची वाद्यं बदलली, ठेके बदलले, सोबतची माणसं बदलली, पण हा आवरलेला हात प्रत्येक रेकॉर्डमध्ये ऐकू येतो. एवढं धरून ठेवलंत तर तुम्हाला ते दोन आवाज एका माणसाचे वाटायला लागतील.

आता क्रमाने. जन्म १९४२, ब्रुसेल्स. वडील लेओ मूलँ समाजशास्त्रज्ञ, आई जनीन मूलँ कवयित्री. पियानो वाजवणारा, जॅझचा माणूस. १९७१ मध्ये त्याचा बँड आला, नाव प्लासिबो. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बास, ड्रम्स, गिटार, आणि मध्यभागी मूलँचे कीबोर्ड. तीन एलपी निघाल्या: १९७१ ची 'बॉल ऑफ आइज', मग '१९७३', मग १९७४ ची नुसती 'प्लासिबो'. पहिल्या एलपीत मार्विन गे यांचं 'इनर सिटी ब्लूज' आहे, मूळ गाणं आलं त्याच वर्षी! ब्रुसेल्समध्ये बसून हा माणूस अमेरिकेतल्या सोल संगीताकडे किती बारीक कान लावून होता ते त्यावरून कळतं.

'१९७३' मधलं 'बालेक' हेडफोन लावून ऐका. ब्रासची (फुंकवाद्यांची) इतकी माणसं हाताशी असताना ती सगळी बराच वेळ गप्प आहेत. कीबोर्ड आणि बासची एक छोटी ओळ फिरत राहते, ड्रम्स कोरडे, अजिबात गाजावाजा नाही. ब्रास येतो, मोजकं बोलतो, जातो. तुम्ही हिंदुस्तानी ऐकता, म्हणून सांगतो: इथे सोलोची वाट पाहू नका. ती फिरणारी ओळ हीच मुख्य गोष्ट आहे, लेहरा (तबल्यासोबत फिरत राहणारी सुरांची ओळ) धरून बसावं तसे तिच्याकडे कान ठेवा.

'साम सुफी' मध्ये त्याने बँड बाजूला ठेवला आणि स्वतःच्या नावाने काम केलं. तुम्हाला आवडलेला तो इलेक्ट्रिक पियानो फेंडर रोड्सच्या घराण्यातला. त्यात हातोडी तारेवर बसत नाही, धातूच्या बारीक सळीवर बसते, आणि समोरचा पिकअप त्या सळीचा कंप उचलतो. हलक्या हाताने वाजवला तर स्वर गोल येतो, दाबून वाजवला तर गुरगुरतो. बहुतेक वादकांना ती गुरगुर फार आवडते. 'ला ब्लूझ' मध्ये मूलँ कितीदा ती टाळतो ते बघा. बोट ठेवलं, स्वर सोडला, पुढच्या मात्रेला काहीच नाही. हे करायला किती धीर लागतो ते वाजवणाऱ्याला विचारा.

आणि मग १९७८. डॅन लॅक्समन हा सिंथ आणि स्टुडिओचा जाणकार, मिशेल मूर्स गाणारा, आणि मूलँ. टेलेक्स. तेव्हा मूलँ छत्तिशीत होता. पोरवयात बँड काढावा तशी ही गोष्ट नव्हती. तीन-चार उत्तम जॅझ रेकॉर्ड नावावर असलेल्या माणसाने ब्रास, ड्रमर, गिटार सगळं उतरवून ठेवलं आणि यंत्रांसमोर जाऊन बसला. त्यांचं 'रॉक अराउंड द क्लॉक' ऐका. बिल हेलीचं मूळ गाणं म्हणजे नुसती धावपळ. यांनी ते इतकं संथ केलं की प्रत्येक ठोक्याच्या मध्ये हवा शिरते. वर मूर्सचा सपाट आवाज, उत्साहाचा लवलेश नाही. १९७९ मध्ये हे ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ३४व्या क्रमांकापर्यंत गेलं. लोक याला विनोद म्हणून ऐकतात. मला त्यात 'साम सुफी' वालाच कान दिसतो: जे सगळे पळत वाजवतात ते मी सावकाश मांडून बघतो, आत काय आहे ते दिसू दे.

त्याच काळातलं 'मॉस्को डिस्को' मात्र धावतं. सिंथवर उभी केलेली आगगाडी आहे ती, चाकांचा ठेका आणि वाफेचे सुस्कारे यंत्रातून काढलेले. पुढे डेट्रॉइटच्या टेक्नोवाल्यांपैकी (टेक्नो म्हणजे यंत्रांवर बांधलेलं नाचाचं संगीत) कार्ल क्रेग यांनी त्याचा रिमिक्स केला. त्या आगगाडीत किती थोड्या गोष्टी आहेत ते मोजून बघा, तरी ती भरगच्च वाटते.

धुंडीराज

प्रतिसाद आवडला, पण एक हरकत आहे. टेलेक्सच्या आवाजाचं श्रेय मूलँला देणं लॅक्समनवर अन्याय आहे. सिंथ त्याचे, स्टुडिओ त्याचा, ध्वनिमुद्रण त्याचं. पुढे डीप फॉरेस्ट या संगीतगटाच्या १९९२ च्या पहिल्या अल्बमच्या कामातही लॅक्समन होताच. मॉड्युलर सिंथमधून एक आवाज काढायला किती वायरी जोडाव्या लागतात हे ज्याने पाहिलंय तो 'टेलेक्स म्हणजे मूलँ' असं म्हणणार नाही.

दुसरं, युरोव्हिजन. १९ एप्रिल १९८०, हेग. गाण्याचं नाव 'युरो-व्हिजन', विषय ती स्पर्धाच. शेवटचा क्रमांक यावा ही त्यांची इच्छा होती. पोर्तुगालने १० गुण देऊन घोळ केला, एकूण १४ गुण आणि १९ देशांत १७ वा क्रमांक. ज्या व्यासपीठावर इतर कलाकार जीव ओतून गात होते तिथे जाऊन हरण्यासाठी गायचं, हे मला तरी पटत नाही. त्या वर्षी आयर्लंडकडून जॉनी लोगन जिंकला. त्याचं गाणं साधं आहे, पण मनापासून गायलेलं आहे.

सई_ब

मी ब्रुसेल्सला बरीच वर्षं होते, त्यामुळे वेगळ्या बाजूने सांगते. मला मूलँ आधी भेटला तो रेडिओवर. आरटीबीएफ या बेल्जियमच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या फ्रेंच वाहिनीवर 'ज दे दिक्सियोनेर' नावाचा शब्दांच्या खेळाचा कार्यक्रम लागायचा, जाक मेर्सिये चालवायचे, आणि मूलँ त्या मंडळींत असायचा. आमच्या फ्रेंचच्या बाई सांगायच्या, हा कार्यक्रम समजायला लागला की तुमचं शिक्षण पुरं झालं समजा. मला अर्धा कळायचा. पण त्याचा आवाज लक्षात राहिला: सगळे एकमेकांवर बोलत असताना हा शांत, आणि मग एकच वाक्य, आणि सगळा स्टुडिओ हसतोय. साप्ताहिकात त्याचा स्तंभही यायचा. तो पियानो वाजवतो हे मला फार उशिरा कळलं. काळी_पाच म्हणतात तो आवरलेला हात बोलण्यातही होता, एवढं मी खात्रीने सांगते.

काळी_पाच

सईताई, हे वाचून अंगावर काटा आला. मी त्याला बोलताना कधीच ऐकलेलं नाही.

धुंडीराज, लॅक्समनबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तो नसता तर टेलेक्स नसतं, आणि मूर्सचा तो थंड आवाज नसता तरीही नसतं. माझा मुद्दा मांडणीचा आहे. आवाज कुणी घडवला हा एक प्रश्न, आणि कुठे काय वाजवायचं नाही हे कुणी ठरवलं हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नात मला मूलँचा हात जाणवतो, कारण तोच हात टेलेक्सच्या आधीही आहे आणि नंतरही. गायिका लिओचं उदाहरण घ्या. पोर्तुगालमध्ये जन्मलेली, ब्रुसेल्समध्ये वाढलेली मुलगी, १९७९ चं 'ल बनाना स्प्लिट', निर्मिती मूलँ आणि लॅक्समन. पोरसवदा, उड्या मारणारं पॉप गाणं आहे ते. पण गाण्याच्या खाली बघा, किती कमी सामान आहे.

आणि तो फक्त स्वतःपुरतं बघणारा नव्हता. १९७७ मध्ये मार्क होलांदरच्या अकसाक माबूल या बँडचा पहिला अल्बम निघाला तो मूलँच्याच कामिकाझे या छोट्या लेबलवर. पुढे होलांदरने क्रॅम्ड डिस्क्स ही रेकॉर्ड कंपनी काढली, ब्रुसेल्सचं केवढं तरी संगीत तिथून बाहेर आलं.

युरोव्हिजनवर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. लोगनचं गाणं मलाही आवडतं. पण टेलेक्स तिथे कुणाला हिणवायला गेले असं मला वाटत नाही. तो कार्यक्रम कशाचा बनलेला आहे हे त्यांनी त्याच कार्यक्रमात, तीन मिनिटांत, नीटनेटकं बांधून दाखवलं. ते गाणं चालीला पक्कं आहे. नुसती टवाळी असती तर चाल इतकी घासूनपुसून कुणी बांधली नसती. आणि प्रेक्षकांचा फोटो काढणं मला फार आवडतं. दिवसभर कॅमेरे मंचाकडे रोखलेले असतात, एकदा उलट बघायला काय हरकत आहे?

पुढचं लवकर सांगतो. १९८१ च्या 'सेक्स' अल्बमला स्पार्क्स या अमेरिकी बँडच्या मेल बंधूंनी शब्द दिले, तो जरूर ऐका. १९८४ चा 'वंडरफुल वर्ल्ड' आणि १९८८ चा 'लूनी ट्यून्स' मला फारसे भिडत नाहीत, तिथे आवाजांची गर्दी झाली आहे. नंतर बराच काळ टेलेक्स शांत. २००६ मध्ये शेवटचा 'हाउ डू यू डान्स?'.

पण खरी गंमत मधल्या काळात. २००१ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, मूलँचा 'टॉप सीक्रेट' ब्लू नोट या नावाजलेल्या जॅझ लेबलवर आला. जॅझवाल्याला ब्लू नोट म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. खाली हाउस या क्लबातल्या नाचाच्या संगीताचा सरळ चारचा ठेका, वर तोच इलेक्ट्रिक पियानो. टेलेक्सची यंत्रं आणि प्लासिबोचा पियानो एका खोलीत बसलेत. 'इनटू द डार्क' लावा. यंत्र एका मात्रेनेही ढळत नाही, त्यामुळे पियानोला मागे रेलता येतं. स्वर ठोक्यावर पडत नाही, ठोक्याच्या किंचित मागे पडतो. माणसांचा बँड असता तर सगळे मिळून मागे सरकले असते आणि लय पडली असती. इथे ती पडत नाही. टेलेक्सची इतकी वर्षं यंत्रांसोबत काढल्याशिवाय हे सुचलं नसतं असं माझं ठाम मत आहे. त्यानंतर २००४ चा 'एंटरटेनमेंट' आणि २००७ चा 'आय अ‍ॅम यू'. पुढच्या सप्टेंबरात, २००८ मध्ये, तो गेला. लॅक्समन आणि मूर्स यांनी त्यानंतर टेलेक्स हे नाव थांबवलं.

धुंडीराज

'इनटू द डार्क' आत्ता ऐकलं. लय मागे रेलण्याबद्दल तुम्ही लिहिलंय ते तंतोतंत आहे. हेगबद्दल माझं मत कायम.

केतकी_गेंट

सगळ्यांचे मनापासून आभार. आज ट्रेनमध्ये 'रॉक अराउंड द क्लॉक' आणि लगेच 'ला ब्लूझ' असं ऐकलं. जोडी लागली!

दोन शंका. स्ट्रीमिंगवर प्लासिबो शोधलं तर भलतंच काहीतरी येतंय, जोरदार रॉक. आणि माझी एलपी मूळची आहे की नंतर छापलेली, कसं ओळखायचं?

काळी_पाच

तो ब्रिटिश बँड, नव्वदच्या दशकातला. त्यांचा गायक ब्रायन मोल्को ब्रुसेल्सला जन्मला, त्यामुळे शोधताना आणखी गोंधळ होतो. 'मार्क मूलँ प्लासिबो' असं एकत्र टाका किंवा थेट 'बॉल ऑफ आइज' शोधा. टेलेक्ससाठी म्यूट कंपनीने २०२१ मध्ये काढलेला 'धिस इज टेलेक्स' हा संग्रह पुरेसा आहे.

एलपीचं म्हणाल तर मधल्या गोल कागदावर सीबीएस या रेकॉर्ड कंपनीचं नाव आहे का बघा, आणि गाणी संपल्यावर लेबलच्या कडेला जो गुळगुळीत पट्टा राहतो त्यावर कोरलेला क्रमांक उजेडात तिरका धरून वाचा. दोन्हीचे फोटो इथे टाका. बारकोड असेल तर नंतरची छपाई आहे. वाजायला तीही छान असते, खट्टू होऊ नका.