खवचट म्हणजे नक्की काय? कुजकट, खोचक, टोमणा सगळं एकच का?

बडोदेवाला: नमस्कार मंडळी, मी लहानाचा मोठा बडोद्यात झालो, घरात मराठी बोलायचो पण बाहेर सगळी गुजरातीच. आता पुण्यात नोकरीला आहे. काल ऑफिसमधला एकजण म्हणाला "फार खवचट बोलतोस रे तू" आणि बाकीचे हसले. मी पण हसलो. नंतर डोक्यात किडा, ही शिवी होती का कौतुक?

पेठेतली_काकू: पुण्यात असाल तर अर्धं कौतुकच समजा. खवचट बोलण्यात अक्कल लागते हो. पंगत उठल्यावर पोचलेल्याला "या या, हात धुवायलाच आलात वाटतं" हे खवचट. ऐकणाराही हसतो, मनातल्या मनात दोन शिव्या घालत का होईना. कुजकट मात्र वेगळं, त्यात कुजणं आहेच ना, पोटात जळत असतं ते तोंडावाटे बाहेर येतं. कुणाला नोकरी लागल्यावर "बरं झालं बाई, ओळख होती ना कुणाची?" याला कोणी हसत नाही.

तिरकस_तात्या: काकूंशी सहमत. पेपरवाल्यांचा लाडका शब्द खोचक, रोज कोणीतरी पुढारी कोणालातरी "खोचक टोला" लगावत असतो, पण "कुजकट टोला" कधी छापलेला बघितलाय? टोमणा हे नाम, तो मारायचा, आणि बऱ्याचदा नाव न घेता. लेकी बोले सुने लागे. सासू लेकीला सांगते "आम्ही पाचला उठून सडा घालायचो" आणि चहा गाळणाऱ्या सुनेचे कान लाल. शालजोडीतला राहिलाच, म्हणजे शालीत गुंडाळलेला जोडा: "पत्रिका सुरेख छापलीत, आमचं नाव घालायला जागा उरली नसेल."

वऱ्हाडी_ठेचा: आमच्याकडे एवढं गुंडाळत नाही बा, थेट तोंडावर बोलून मोकळे. बाकी जुने शब्द बघायचे तर मोल्सवर्थ साहेबाचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतो.

पेठेतली_काकू: @बडोदेवाला पण तुम्ही बोललात काय ते तर सांगा

बडोदेवाला: काही नाही हो, तो रोज माझ्या डब्यातलं खातो, काल चक्क स्वतःचा घेऊन आला तर मी म्हटलं "अरे वा, आज माझा डबा सुट्टीवर का?"

तिरकस_तात्या: अस्सल खवचट. आता पुण्यात फ्लॅट घ्यायला हरकत नाही.