मदत हवी आहे: आठवीतल्या मुलीसाठी मराठी पुस्तकं सुचवा (बाळबोध नकोत, एकदम जडही नकोत)

नमस्कार मंडळी,

लेक आठवीत आहे, आम्ही हैदराबादला असतो, शाळेत मराठी नाहीच. हिंदीमुळे देवनागरी येते आणि घरी मराठीच बोलतो त्यामुळे समजतं सगळं, पण वाचायचा स्पीड इंग्रजीच्या निम्मासुद्धा नाही. इंग्रजीत पर्सी जॅक्सनचे जाडजूड भाग एका वीकेंडला संपवते, मराठीत मात्र थोडी पानं झाली की कंटाळते. म्हणजे तिच्या स्पीडला झेपणारं पुस्तक तिला 'छोट्यांचं' वाटतं आणि वयाला साजेसं घ्यावं तर भाषा जड जाते. मधलं काही हवंय.

फास्टर फेणे खूप आवडला. फुरसुंगीचा बन्या, सायकल, ते 'ट्टॉक', सगळं. पण आता तिला असंच साहसाचं पण मुलगी हिरो असलेलं हवंय आणि मला पटकन नाव सुचेना.

'एक होता कार्व्हर' मी रात्री मोठ्याने वाचून दाखवत होते. तान्ह्या जॉर्जला आईसकट पळवून नेतात आणि घोडा देऊन फक्त बाळ परत मिळतं ना, तिथे "मग आईचं काय झालं?" हे तिने इतक्यांदा विचारलं की मला पुढे वाचताच येईना, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर स्वतःच पुस्तक घेऊन बसलेली. गोष्टीने पकडलं की जोडाक्षरं आड येत नाहीत हे तेव्हा दिसलं, म्हणून सोपी करून लिहिलेली, संक्षिप्त वगैरे पुस्तकं मला नकोच आहेत.

आता डोक्यात आहेत ती सांगते, मत द्या. 'बनगरवाडी': पुस्तक छोटं, वाक्यंही छोटी, मास्तर कोवळा पोरगा, मला वाटतं जमेल, पण संवादांतली ती माणदेशी बोली तिला एकटीला कळेल का? प्रकाश नारायण संतांचा लंपन (वनवास) माझा अगदी जिवाचा, पण ती कानडी वळणाची भाषा कानाने ऐकण्यात मजा आहे, तेव्हा तो मीच वाचून दाखवावा असं वाटतंय. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा' कादंबरीबद्दल घरात मतभेद आहेत. नवरा म्हणतो शिव्या आहेत, दोन वर्षं थांब. मला वाटतं नववीतल्या मुलाची गोष्ट नववीच्या आसपासच वाचावी, आणि शिव्या काय, शाळेच्या बसमध्ये रोज ऐकतेच की ती. तुम्ही कोणत्या वयात दिलंत?

नारळीकरांच्या विज्ञानकथा पण चालतील असं वाटतं, तिला अवकाशाचं वेड आहे, कुठल्या संग्रहापासून सुरुवात करू? फेलूदाचे (सत्यजित राय यांच्या गुप्तहेरकथा) मराठी अनुवाद कोणी मुलांना दिलेत का, वाचताना अडखळायला होतं का? 'किशोर'चे जुने अंक बालभारतीच्या साइटवर फुकट आहेत ते माहितीये, पण तिला स्क्रीनवर वाचायला द्यायचं नाहीये. आणि संस्कारांची, चारित्र्य घडवणारी पुस्तकं कृपया नको, भेट म्हणून घरात भरपूर आलीत. तिला गोष्ट हवीय, थोडी भीतीदायक असली तरी पळेल.

दिवाळीत पुण्याला येतोय, अप्पा बळवंत चौकात जाऊन एकदाच बॅग भरून आणायचा विचार आहे. नाव सुचवताना तुमच्या मुलाने किंवा मुलीने ते कितव्या वर्षी वाचलं हे लिहा प्लीज, आणि अर्धवट टाकलं असेल तर कुठपर्यंत येऊन टाकलं तेही.