होंडा सिटी ऑटोमॅटिक २०११: गिअर ऑइल घरी बदलायचं आहे, किती आणि कोणतं?

घोडबंदर_सिटी:
पाच गिअरची ऑटोमॅटिक आहे, ८५,००० किमी झालेत. सर्व्हिस बुकात गिअर ऑइल बदलल्याची नोंद नाही. ताशी ५०च्या आसपास एक्सिलरेटर हलका धरला की रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येते आणि लगेच थांबते. गॅरेजवाले मशीन लावून फ्लश करू, म्हणजे दाबाने सगळं जुनं ऑइल बाहेर काढू म्हणतात. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये जागा आहे. जॅक, स्टँड, टॉर्क रेंच आहेत. ऑइल किती लागेल, कोणतं घ्यायचं आणि लेव्हल कशी बघायची?

रबाळे_मेकॅनिक:
आधी थरथर कुठून येते ते बघा. मोकळ्या रस्त्यावर, मागे गाडी नसताना, थरथर सुरू असतानाच ब्रेक पेडलला दिवा लागण्यापुरता हलका स्पर्श करा. त्या क्षणी थांबली तर टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनचा जोर ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक-अप क्लचचा, म्हणजे त्याला इंजिनशी थेट जोडणाऱ्या क्लचचा, संशय घ्यायचा, कारण ब्रेक लागताच लॉक-अप सुटतो. जुन्या ऑइलमधले घर्षणाचे गुण गेले की हे होतं आणि नव्या ऑइलने बरेचदा जातं. तसंच राहिलं तर इंजिन माउंट, स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल बघा. आणि डिपस्टिकवरचं (लेव्हल बघायची पट्टी) ऑइल काळं असून जळका वास येत असेल, गिअर पडताना आरपीएम उगाच वर पळत असेल, तर नुसतं ऑइल बदलून भागणार नाही. तेव्हा गिअरबॉक्स जाणणाऱ्याला आधी दाखवा.

एटीएफ_ठाणे:
या गिअरबॉक्सला होंडाचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) डीडब्ल्यू-१च घाला. 'सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं' असं लिहिलेला डबा घेऊ नका. या बॉक्समध्ये प्रत्येक गिअरला ऑइलवर दाबले जाणारे क्लच आहेत, त्यांची पकड ऑइलच्या जातीवर ठरते. तुमच्यानंतरच्या, म्हणजे २०१४पासूनच्या सिटीत सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला पट्ट्याचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. तिला एचसीएफ-२ हे वेगळं ऑइल लागतं. काउंटरवर नुसतं 'सिटी ऑटोमॅटिक' सांगितलंत तर चुकीचा डबा हातात पडेल, म्हणून गाडीचं वर्ष सांगा.

एका वेळी साधारण अडीच लिटर निघतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या वाटांमध्ये अडकून राहतं. म्हणून तीन वेळा बदला: आठ लिटर ऑइल आणि ड्रेन प्लगचे (खालून ऑइल काढायचा बोल्ट) १८ मिमीचे तीन नवे वॉशर. जुना वॉशर एकदा दबलेला असतो, तो परत लावला की झिरपतो.

गाडी दहा मिनिटं फिरवून आणा, मग अर्धा तास थांबा. ऑइल कोमट हवं, हात भाजेल इतकं नको. पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडखाली जाड प्लायवूड घाला, नाहीतर एक पाय खचतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका.

प्लग ओळखण्यात सगळ्यात जास्त गफलत होते. इंजिनच्या प्लगला पाना लागतो, १७ मिमीचा. गिअरबॉक्सच्या प्लगला मध्ये चौकोनी खाच असते, त्यात ३/८ इंचाचा रॅचेट थेट बसतो. चुकीचा उघडलात तर इंजिन कोरडं आणि गिअरबॉक्समध्ये ऑइल जास्त, अशी गाडी सुरू होते. निघणारं ऑइल कोणतं तेही नीट बघा: एटीएफ मुळात लालसर असतं, जुनं झालं की तपकिरी होतं.

प्लगच्या टोकाला लोहचुंबक आहे. त्यावर राखाडी, बारीक चिखलासारखा थर असेल तर काळजी नको, पुसून टाका. बोटाला टोचणारे तुकडे मिळाले तर काम तिथेच थांबवा. प्लग ४९ न्यूटन-मीटरला कसा. घर अॅल्युमिनियमचं आहे, जोर जास्त झाला की आटे जातात.

निघालेलं ऑइल मापाच्या भांड्यात मोजा आणि तेवढंच नवीन, डिपस्टिकच्या भोकातून लांब नळीच्या नरसाळ्याने हळूहळू ओता. भोक अरुंद आहे, घाई केली की बाहेर सांडतं. मग ब्रेक दाबून, इंजिन सुरू ठेवून लिव्हर प्रत्येक जागी काही सेकंद ठेवा.

लेव्हल बघताना गाडी चारही चाकांवर, सपाट जमिनीवर. रेडिएटरचा पंखा दोनदा फिरेपर्यंत गरम करा, इंजिन बंद करा आणि ६० ते ९० सेकंदांत डिपस्टिक काढून, पुसून, परत घालून बघा. इतर बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघतात, होंडात बंद करून. ऑइल कमी राहिलं तर पंप हवा ओढतो आणि डी टाकल्यावर गाडी उशिरा ओढते. जास्त झालं तर फेस होतो, दाब पडतो. दोन खुणांच्या मध्ये आलं की पुरे.

रबाळे_मेकॅनिक:
फ्लश मशीन नको, या वयाच्या आणि नोंद नसलेल्या गिअरबॉक्सला तर नकोच. आतली जाळी बॉक्स उघडल्याशिवाय हाती लागत नाही. दाबाने सुटलेली घाण तिथे किंवा सोलेनॉइडच्या (ऑइलचा दाब वळवणारे विजेवरचे व्हॉल्व्ह) बारीक वाटांत अडकली तर काढणार कशी? तीन ड्रेनचा हिशोब सोपा आहे: दर वेळी ४० टक्क्यांच्या आसपास जुनं निघतं, म्हणजे तिसऱ्यानंतर जवळपास ८० टक्के ऑइल नवीन. त्यापुढे एक फेरी आणखी मारून फारसा फायदा नाही.

घोडबंदर_सिटी:
ब्रेकला स्पर्श केला की थरथर थांबते, म्हणजे लॉक-अपच दिसतोय. तिन्ही फेऱ्या एकाच दिवशी करू का? आणि साडेसात लिटर जुनं ऑइल कुठे द्यायचं?

एटीएफ_ठाणे:
मध्ये ३०० ते ५०० किमी चालवा. नवं ऑइल सगळीकडे मिसळतं, आणि दर फेरीला चुंबक बघायला मिळतो: थर कमी होत गेला तर ठीक, वाढला तर पुढची फेरी करण्याआधी दाखवून घ्या. पुढे गायमुख घाटातली रोजची रांग असेल तर ४०,००० किमीवर एक ड्रेन करत राहा. रांगेत रखडताना टॉर्क कन्व्हर्टर सतत घसरतो आणि ऑइल तापतं.

जुनं ऑइल रिकाम्या डब्यांत भरून, झाकण घट्ट लावून, अधिकृत रिसायकलरला वापरलेलं ऑइल देणाऱ्या गॅरेजला द्या. आधी फोन करून विचारा, सगळेच घेत नाहीत. त्यात पाणी, डिझेल, कूलंट मिसळू नका, मग कोणीच घेत नाही. सोसायटीच्या गटारात एक थेंबही नको, तो नाल्यातून खाडीत जातो. काम सुरू करण्याआधी खाली पुठ्ठे अंथरा आणि लाकडाचा भुसा जवळ ठेवा. फरशीवर सांडलेलं लगेच भुश्याने टिपलं तर डाग कमी पडतो.