मदत हवी आहे: 'मदर 2' मधलं जुनं किती, नवं किती?

निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम कन्सोलवरचा 'मदर 2' (1994) हा व्हिडिओ गेम बनताना अनेक वर्षं रखडला होता. तेव्हा मदतीला आलेले प्रोग्रामर सातोरु इवाता म्हणाले, आहे तेच दुरुस्त करायचं तर दोन वर्षं, नव्याने लिहायचं तर सहा महिने. हा किस्सा सगळीकडे सापडतो, पण पुढचं तांत्रिक कुणी सांगतच नाही! इवाता आणि गेमचे जनक शिगेसातो इतोई यांच्या मुलाखतींचे इंग्रजी अनुवाद वाचून झालेत. फॅन विकी नकोत, टीममधल्या कुणाचं तरी बोलणं हवं. जपानी मासिकाचं स्कॅन चालेल, अनुवादाचं मी बघतो.

लढाईतला तो फिरता एचपी (पात्राची उरलेली ताकद) मीटर, म्हणजे आकडा शून्यावर पोचायच्या आत जिंकलात तर गडी वाचतो, तो जुन्या कोडमध्ये होता की इवातांच्या फेरलेखनात आला?