शिकायला जाताना बायको-मुलांना सोबत न्यावं का?

उंटावरचा शहाणा (धागाकर्ता)

स्पष्टच लिहितो. परदेशात शिकायला जाणाऱ्याने पहिल्यापासून बायको-मुलांना सोबत नेऊ नये. आधी जावं, डिग्री घ्यावी, नोकरी धरावी, मग न्यावं.

हल्ली त्या देशांनाही हे नकोच आहे. ब्रिटनने १ जानेवारी २०२४ नंतर सुरू होणाऱ्या नेहमीच्या मास्टर्सला डिपेंडंट व्हिसा (जोडीदार-मुलांचा) बंद केला. आता पीएचडी किंवा संशोधनावर आधारित पदव्युत्तर कोर्स असेल, नाहीतर सरकारी स्कॉलरशिप असेल, तरच कुटुंब नेता येतं. कॅनडाने जानेवारी २०२५ पासून जोडीदाराचं वर्क परमिट मुख्यतः पीएचडी, किमान १६ महिन्यांचं मास्टर्स आणि काही ठरावीक व्यावसायिक कोर्सेसपुरतं ठेवलं. तरी आपले कन्सल्टंट 'जोडीने जा, एकाने शिका, एकाने कमवा' म्हणत पाट्या लावून बसलेत. ज्या घरात रात्री अकराला असाइनमेंट आणि पहाटे चारला दुधाची बाटली, त्या घरात अभ्यास कधी होणार?

मनीमाऊ

तुमच्या लेखात शिकणारा पुरुष आहे आणि बायको-मुलं म्हणजे वजन करून घ्यायचं सामान. आमच्या घरी पीएचडी मी करतेय, इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये. डिपेंडंट आहे तो नवरा. सांगलीत बँकेत होता, इथे पूर्णवेळ नोकरी करतो, कारण पीएचडीच्या जोडीदाराला इथे तशी परवानगी आहे. आधी गोदाम, आता ऑफिस. गोदामात असताना त्याच्या काकांनी फोनवर 'बायकोच्या जिवावर गेलास का रे' विचारलं होतं, ते जाऊ दे.

लेक तीन वर्षांची झाल्यावर नर्सरीचे आठवड्याचे १५ तास फुकट मिळाले, तेही शाळेच्या सत्रांपुरतेच, पण मिळाले. चार पूर्ण झाल्यावर सरकारी शाळा, फी नाही. 'मग न्यावं' म्हणता, पण पीएचडी चार वर्षं चालते. तोवर तिने आईला स्क्रीनवरच बघायचं? असा सल्ला द्यायचा तर लग्न झालेल्या मुलीने शिकूच नये असं सरळ लिहा.

उंटावरचा शहाणा

मनीमाऊ, तसं मी लिहिलेलं नाही. मी पैशाचं बोलतोय. लंडनबाहेर प्रत्येक डिपेंडंटसाठी महिना ६८० पाउंड, नऊ महिन्यांचे, म्हणजे ६,१२० व्हिसासाठी खात्यात दाखवायचे, तेही २८ दिवस हात न लावता. नवरा आणि मूल मिळून १२,२४०. पाउंड शंभरच्या वर आहे, हिशोब करा. शिवाय आरोग्य अधिभार (सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचे पैसे) माणशी वर्षाला ७७६ पाउंड, पूर्ण मुदतीचा आगाऊ. दोघांचे चार वर्षांचे ६,२०८ झाले. तुमच्याकडे असतील, पण बहुतेक घरांत यासाठी सासऱ्यांची एफडी मोडते किंवा गावचं घर तारण पडतं. आणि तीन वर्षांखालच्या मुलाची पूर्णवेळ नर्सरी? त्यावर तुम्ही लिहिलं नाहीत.

मनीमाऊ

नर्सरी महाग आहे, मान्य. म्हणून पहिलं वर्ष आम्ही शिफ्ट उलटसुलट लावून काढलं. पण तुमचे १२,२४० हे *दाखवायचे* पैसे आहेत, खर्चून टाकायचे नाहीत. अधिभार मात्र गेला तो गेला.

टवाळ

दोघांनाही +१. मी चहा टाकतो, चालू द्या.

कोकणकडा

मी धागाकर्त्यांच्या बाजूची, पण कारण वेगळं आहे. मी अमेरिकेत एफ-टू, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर गेले होते. रत्नागिरीत ज्युनियर कॉलेजवर शिकवत होते, ते सोडून. टेक्ससमधलं एका शहराबाहेरचं अपार्टमेंट, घरात एकच गाडी, ती नवरा घेऊन जाणार. एफ-टूवर एक डॉलरही कमवायची परवानगी नाही. मुलांना सरकारी शाळा मिळते, मोठ्या माणसाला काहीच नाही. लोक विचारायचे, 'मग दिवसभर काय करता?' नवऱ्याचा अभ्यास छान झाला. डबा वेळेवर मिळत होता ना.

मी परत आले, नोकरी धरली. पुढे त्याला एच-वन, म्हणजे नोकरीचा व्हिसा मिळाल्यावर पुन्हा गेले. आता गंमत बघा, एच-फोरवरही (एच-वनवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) कामाचा परवाना आपोआप मिळत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला आय-१४० अर्ज मंजूर झाला की बहुधा मगच तो परवाना मागता येतो. म्हणजे 'नोकरी लागल्यावर न्या' हा सल्ला अमेरिकेत कागदावरच बरा. विद्यार्थ्याला झेपेल का हे सगळे विचारतात. जोडीदाराच्या व्हिसावर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही.

निवांत

जर्मनीबद्दल लिहितो, इथे चित्र बरंच वेगळं आहे. जोडीदार कौटुंबिक परवान्यावर आला की त्याला काम करता येतं. विद्यार्थी सरकारी आरोग्यविम्यात असेल आणि जोडीदाराची कमाई मर्यादेत असेल, तर बायको-मुलं त्याच विम्यात वेगळा हप्ता न भरता येतात. ब्रिटनच्या अधिभाराचा आकडा वाचून मला घाम फुटला.

पण अडकायला होतं घरावर. व्हिसा देताना डोक्यागणिक चौरस मीटर मोजतात. विद्यार्थी वसतिगृहातली एक खोली दाखवून चालत नाही. म्युनिकमध्ये तेवढं घर भाड्याने शोधणं हाच एक सेमिस्टरचा विषय आहे. शिवाय जोडीदाराला बहुधा ए-वन (अगदी प्राथमिक पातळीचं) जर्मन लागतं. बायकोने पुण्यात मॅक्समुल्लर भवनला परीक्षा दिली, मी इथे घरं बघत फिरत होतो. एकत्र निघायचं ठरलं होतं, निघालो वेगवेगळे.

दोडक्याची भाजी

'मुलाला आजी-आजोबांकडे ठेवू' असं लोक फार सहज म्हणतात म्हणून लिहिते. मी ती आजी. नातू आमच्याकडे आहे, सून-मुलगा दोघं इंग्लंडात. आम्हाला कुणी विचारलं नाही, कळवलं. गुडघे दुखत असताना पालकसभेला मी, व्हॅनवाल्याशी भांडायला मी, रात्री ताप आला तर रिक्षा शोधायला हे. तिथे संध्याकाळी सहाला ते मोकळे होतात तेव्हा हिवाळ्यात इथे साडेअकरा वाजलेले असतात. पोरगं झोपलेलं. मग रविवारी फोन, त्यात अर्धा वेळ 'नेटवर्क येत नाहीये'. नातवाचा त्रास नाही हो, तो गुणी आहे. पण हिशोबात आमचा रकाना पण घाला.

उंटावरचा शहाणा

काकू, तुमचं पटलं. तरी एका वर्षाच्या कोर्ससाठी घरदार हलवू नये या मतावर मी ठाम आहे. कोकणकडांचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे.

कोकणकडा

अर्धंच. तुम्ही 'नंतर न्या' म्हणता, मी 'काम करता येणार नसेल तर नेऊच नका' म्हणते.

पावशेर

वाचनमात्र होतो, एक प्रश्न आहे. बायकोला मेलबर्नला मास्टर्सची ऑफर आहे. मी अकाउंटंट, मुलगी दुसरीत. कन्सल्टंट म्हणतो सगळं सोपं आहे.

निवांत

ऑस्ट्रेलियात मास्टर्स किंवा पीएचडीच्या जोडीदाराला कामाच्या तासांची मर्यादा नाही, बाकी कोर्सना पंधरवड्याला ४८ तास. तेवढं सोपं आहे. पण मुलीच्या शाळेचं विचारा. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना तिथे सरकारी शाळेतही फी लागू शकते, राज्यागणिक आणि कोर्सगणिक नियम वेगळे. व्हिसाला पैसे दाखवताना शाळकरी मुलामागे वर्षाचे १३,५०२ ऑस्ट्रेलियन डॉलर धरतात, ते बाकीच्या खर्चावर. कन्सल्टंटने हा आकडा सांगितला होता का?

पावशेर

नाही. त्याने फ्लॅटमेट शोधून देतो म्हणून सांगितलं.