उत्तर देणारा एआय की प्रश्न विचारणारा?

एआयमुळे प्रत्येक मुलाला स्वतःचा शिक्षक मिळेल, हा मुद्दा मला पटतो, पण अर्धाच. त्यासाठी अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांचा १९८४ चा लेख नेहमी पुढे केला जातो: एकेकट्याने शिकवणी घेतलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गात शिकलेल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला. पण तिथे नुसती शिकवणी नव्हती. एक भाग पक्का झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही अटही होती. २०११ मध्ये संशोधक कर्ट व्हॅनलेन यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा शिकवणीचा परिणाम बराच कमी निघाला, आणि पायरीपायरीने मदत करणारी संगणकप्रणाली जवळपास माणसाच्या बरोबरीची ठरली.

पायरीपायरीने, हे महत्त्वाचं. माझ्या भाचीने १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं होतं. चॅटबॉटने लगेच ५/६ काढून दिलं, तिने उतरवून घेतलं. मग मी त्याला बजावलं, उत्तर सांगायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचे. त्याने विचारलं, "२/५ हे अर्ध्यापेक्षा मोठं की लहान?" ती थबकली. "लहान... पण मी तर अर्ध्यात भर घातली होती!" आणि स्वतःच खोडरबर उचलला.

वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये अशा मदतीला परांचीची, म्हणजे बांधकामाभोवती उभारलेल्या तात्पुरत्या सांगाड्याची, उपमा दिली. परांची वेळेवर उतरवावी लागते, आणि चॅटबॉट ती सहसा आपणहून उतरवत नाही. म्हणून शेवटची दोन गणितं आम्ही फोन बाजूला ठेवून सोडवतो.