‘अँटिसेमिटिझम’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
अमेरिकेतल्या कायद्यांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. ‘अँटिसेमिटिझम’ हा शब्द पानोपानी येतो. मराठीत ज्यूद्वेष, यहुदीविरोध, सेमिटिकविरोध अशी तिन्ही रूपं वाचली आहेत. ‘सेमिटिकविरोध’ मुळाला धरून वाटतो, पण मग अरबीसुद्धा सेमिटिकच ना?

प्रतिसाद
अरबी सेमिटिकच आहे, हिब्रूची सख्खी बहीण. म्हणूनच ‘सेमिटिकविरोध’ नको. बायबलमधल्या नोहाचा मुलगा शेम, त्याच्यावरून जर्मन अभ्यासकांनी अठराव्या शतकात भाषाकुळाला हे नाव दिलं. ‘अँटिसेमिटिझम’ रूढ केला तो १८७९च्या सुमारास विल्हेल्म मार या जर्मन पत्रकाराने. तो स्वतःच ज्यूंचा कट्टर विरोधक होता आणि जुन्या द्वेषाला त्याला शास्त्रीय वाटणारं नाव हवं होतं. अरबांशी त्याचं काही भांडण नव्हतं. शब्दाची फोड करून अर्थ काढायला गेलं की इथे हमखास फसायला होतं. सरळ ‘ज्यूद्वेष’ लिहा.

प्रतिसाद
‘यहुदीद्वेष’ही चालेल. मराठी बायबलमध्ये ‘यहूदी’च आहे. रायगडातल्या बेने इस्राएलांना, म्हणजे आपल्याकडच्या ज्यूंना, गावोगाव ‘शनवार तेली’ म्हणत, कारण ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. धंदा आणि सुट्टीचा वार, एवढंच त्या नावात होतं. आपल्या भाषेत या द्वेषाला घरचा शब्द सापडत नाही, त्याचं एक कारण हेही असावं असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद
ज्यूद्वेष ठीक, पण कायद्याबद्दल लिहिताना तो पुरत नाही. द्वेष मनात असतो, कागदावर वेगळेच शब्द येतात. भाषांतरकाराची परीक्षा त्या शब्दांत आहे.

उघड द्वेषाचं उदाहरण आधी घेऊ. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, १७ डिसेंबर १८६२ला उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल ग्रँटने हुकूम क्रमांक ११ काढला. कापसाच्या चोरट्या व्यापाराचा राग त्याने सगळ्या ज्यूंवर काढला. ‘ज्यू, एक वर्ग म्हणून’ नियम मोडतात, सबब त्यांना चोवीस तासांत आपल्या लष्करी विभागातून हद्दपार करावं, असा तो हुकूम. केंटकीतल्या पडूका गावच्या ज्यू कुटुंबांना घरं सोडावी लागली. त्यांच्यातला सीझर कॅस्केल थेट वॉशिंग्टनला जाऊन लिंकनना भेटला आणि जानेवारीत हुकूम मागे घेतला गेला. इथे ‘ज्यू व्यापारी’ असं भाषांतर करून सोपं करू नका. सगळा अन्याय ‘एक वर्ग म्हणून’ या तीन शब्दांत आहे.

पुढच्या काळात शब्द सभ्य होत गेले. हॉटेलांच्या जाहिरातीत ‘निवडक ग्राहकवर्ग’ किंवा ‘जवळच चर्च’ असं लिहिलेलं असे. वाचणाऱ्याला कळायचं की ज्यूंनी येऊ नये. शब्दशः भाषांतर केलंत तर मराठी वाचकाला यात काहीच वावगं दिसणार नाही, म्हणून तिथे एक वाक्य जास्तीचं खर्च करावंच लागेल.

सर्वांत अवघड शब्द हार्वर्डचा. १९२२मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर उघड मर्यादा घालायचा प्रयत्न केला, तो फसला. मग १९२६पासून प्रवेशासाठी ‘कॅरॅक्टर’ पाहिलं जाऊ लागलं, अर्जाला फोटो लागू लागला आणि ज्यूंची संख्या घटली. ‘चारित्र्य’ म्हटलं की आपल्या मनात भलतंच येतं. मी ‘एकंदर व्यक्तिमत्त्व’ म्हणेन. मोजता न येणारं, म्हणून नाकारायला सोयीचं.

घरांच्या खरेदीखतातही अमुक लोकांना विकू नये अशा अटी असत. काळ्यांविरुद्ध तर होत्याच, अनेक ठिकाणी ज्यूंविरुद्धही होत्या. सेंट लुईसच्या एका काळ्या कुटुंबाच्या खटल्यात १९४८ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अशा अटी न्यायालयांनी अमलात आणायच्या नाहीत. त्याचा फायदा दोघांनाही झाला.

प्रश्नकर्ती
‘रेस’चं काय करू? लेखात एका सिनगॉगचा (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचा) खटला आहे, तिथेच अडकलेय. ‘वंश’ लिहिलं की ज्यू हा वेगळा वंश आहे असं मीच म्हणतेय असं होतं.

प्रतिसाद
मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगचा तो खटला. नोव्हेंबर १९८२मध्ये सिनगॉगच्या बाहेरच्या भिंतींवर लाल-काळ्या रंगाने ज्यूद्वेषी घोषणा आणि चिन्हं फवारली होती. तिथल्या मंडळींनी १८६६च्या नागरी हक्क कायद्याखाली दावा लावला. तो कायदा ‘रेस’वरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध. ज्यू हा ‘रेस’ नाही म्हणून खालच्या न्यायालयांनी दावा फेटाळला. ज्यूंनाही स्वतःला ‘रेस’ म्हणवून घ्यायचं नव्हतंच. भिंती रंगवणारे आम्हाला तसं समजतात, एवढं त्यांचं म्हणणं होतं.

१८ मे १९८७ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दावा उचलून धरला. त्याच दिवशी इराकमध्ये जन्मलेल्या एका प्राध्यापकाच्या खटल्याचाही निकाल लागला आणि त्यात न्यायमूर्ती व्हाइट यांनी चक्क एकोणिसाव्या शतकातले शब्दकोश आणि ज्ञानकोश उघडले. तेव्हा ‘रेस’ म्हणजे एका मूळपुरुषाची संतती, एक कूळ. कायदा करणाऱ्यांच्या मनात हाच अर्थ होता, म्हणून संरक्षणही त्याच अर्थाने.

आता आपला ‘वंश’ बघा. रघुवंश, वंशावळ, वंशाचा दिवा, निर्वंश. कातडीच्या रंगाचा तिथे संबंध नाही. इंग्रजीने मागे टाकलेला तो अर्थ मराठीत अजून रोजच्या बोलण्यात आहे. बिनधास्त ‘वंश’ लिहा. फक्त त्याआधी ‘१८६६च्या अर्थाने’ एवढं घाला.

प्रश्नकर्ती
निकालातलं वाक्य असं केलंय: ‘ज्यू आणि अरब हे त्या काळी वेगळे वंश मानल्या जाणाऱ्या लोकांपैकी होते, म्हणून त्यांना या कायद्याचं संरक्षण आहे.’ सुरुवातीला मी अरबीचं विचारलं होतं, आणि इथे दोघं एकाच वाक्यात आले.